राहवत नाही

पत्र (थोडं कापून):

"ताई, मी 43 वर्षांचा आहे. गेली 23 वर्षं सिगारेट ओढतो, हल्ली दिवसाला बारा-पंधरा. सहा वेळा सोडली. सगळ्यांत जास्त टिकलो ते 19 दिवस. विसाव्या दिवशी बढतीची बातमी आली, आनंदात मित्रांबरोबर एक ओढली आणि रात्रीपर्यंत अख्खं पाकीट संपलं. परवा माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, 'बाबा, तुला सोडायचीच नाहीये. खरंच सोडायची असती तर केव्हाच सोडली असतीस.' मला इतका राग आला की बाहेर जाऊन एक पेटवली. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा. मी सोडू शकत नाही, की मला सोडायची नाही? आपल्याला कळण्याआधीच मेंदूने निर्णय घेतलेला असतो, असं प्रयोगांत दिसलंय म्हणे. इच्छास्वातंत्र्य नावाची चीजच नसेल तर दोष कुणाला द्यायचा आणि प्रयत्न तरी कशाला करायचा? पण हेच मुलीला सांगायला गेलो की माझं मलाच पळवाटेसारखं वाटतं. कळतं सगळं, वळत नाही. ती बरोबर की मी? तिला काय सांगू? (हे पत्र लिहिताना दोन झाल्या, तेही सांगून टाकतो.)
— कळतं-पण"

प्रिय 'कळतं-पण',

आधी माझी कबुली. मी सतरा वर्षं सिगारेट ओढली आणि बारा वर्षांपूर्वी थांबले. त्यामुळे हे उत्तर काठावर बसलेल्या बाईचं नाही. कपडे वाळलेत, एवढंच.

तुम्ही दोन वाक्यं समोरासमोर उभी केलीत. 'मी सोडू शकत नाही' हे तुमचं आणि 'मला सोडायची नाही' हे मुलीने तुमच्या तोंडी घातलेलं. आता आठवून सांगा, तेवीस वर्षांत हात पाकिटाकडे गेला तेव्हा यातलं कुठलं वाक्य तुमच्या मनात होतं? माझ्या मते एकही नाही. त्या वेळी माणूस म्हणतो, 'राहवत नाही.' आपल्या भाषेत हे तिसरंच क्रियापद आहे. 'मी राहत नाही' म्हटलं की सगळी मर्जी माझी. 'मी राहू शकत नाही' म्हटलं की हातपाय बांधलेले. 'माझ्याने राहवत नाही' यात कर्ता आहे, पण जरा बाजूला सरकून बसलेला, आपल्याच घरात पाहुण्यासारखा. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात आणि शाळेत ते पाठ करून आपण विसरून जातो. पण सिगारेट ओढणाऱ्याची अवस्था याहून नेमकी सांगता येईल असं मला वाटत नाही. पुढेही तसंच. व्यसन 'लागतं' आणि 'सुटतं', पण सवय आपण 'लावून घेतो' आणि 'सोडतो'. एकाच गोष्टीबद्दल आपण दोन्ही तऱ्हेने बोलतो आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही, कारण ती गोष्टच तशी आहे. सिगारेट आपण ओढतो आणि ओढ तिची असते.

व्याकरणाने प्रश्न सुटत नाही, हे मान्य. पण तुमची दोन्ही वाक्यं नंतरची आहेत, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सुचणारी, हे त्यातून लक्षात येतं.

आता तुमचा विज्ञानाचा मुद्दा. तुम्ही वाचलंय ते बहुधा बेंजामिन लिबेट या अमेरिकी मेंदू-संशोधकाच्या 1983 मधल्या प्रयोगाबद्दल. त्यांनी लोकांना सांगितलं की वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी समोरच्या घड्याळातला वेगाने फिरणारा ठिपका कुठे होता ते सांगा. मेंदूतल्या विद्युत हालचालीची नोंद चालू होती. मनगट हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली आणि 'आता हलवावं' हे माणसाला जाणवलं ते हालचालीच्या जेमतेम पाव सेकंद आधी. मेंदू पुढे, आपण मागे. यावरून 'इच्छास्वातंत्र्य संपलं' अशी दवंडी पिटली गेली. खुद्द लिबेट यांनी ती पिटलेली नाही. त्या उरलेल्या पाव सेकंदात माणूस 'नको' म्हणू शकतो, असं त्यांचं मत होतं. पुढे 2012 मध्ये आरॉन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती आधीची हालचाल म्हणजे ठरलेला निर्णय असेलच असं नाही. मेंदूत सतत चालणाऱ्या चढउतारांतली एखादी लाट उंबरठ्याला टेकली की हालचाल होते, असाही तिचा अर्थ लागतो. वाद अजून मिटलेला नाही.

पण तुमचा याच्याशी संबंध काय? त्या मनगटाला ना कारण होतं, ना भूतकाळ, ना घरी चौदा वर्षांची मुलगी. तुमच्या बाबतीत 'एक ओढावी' असं वाटण्यापासून ती पेटेपर्यंत तुम्ही लायटर शोधता, चपला घालता, बाहेर जाता, वारा कुठून येतोय ते बघून पाठ फिरवता. पाव सेकंदाचा हिशोब तीन मिनिटांच्या कामाला लावणं हा ढिसाळपणा झाला. आणि ऑफिसात कुणी उशिरा आलं तर त्याच्या मेंदूने आधीच ठरवलं होतं म्हणून तुम्ही त्याला माफ करता का? मुलीच्या मेंदूनेही ते वाक्य तिच्याआधीच ठरवलं असणार. मग राग कसला आला?

थट्टा पुरे. सिगारेटने तुमच्या मेंदूचं जे केलंय ते खरं आहे आणि ते कमी लेखू नका. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. शिरेतून टोचलं तरी यापेक्षा लवकर पोचणार नाही. तिथे ते ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या रसायन टिपणाऱ्या जागांना, चिकटतं ते मुळात ॲसिटिलकोलिन या आपल्याच शरीरातल्या रसायनासाठी असतात. निकोटिन आयतं त्यांच्यात बसतं आणि त्यातून डोपामिन सुटतं. डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते अर्धवट वाटतं. त्याचं मोठं काम 'हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर' असं शिकवण्याचं आहे. आता तुमची शिकवणी मोजू. दिवसाला सरासरी दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले तर तेवीस वर्षांत आठ लाखांवर धडे झाले. इतक्या वेळा गिरवलेली दुसरी कुठली गोष्ट तुमच्या आयुष्यात आहे? शिवाय रोज निकोटिन मिळत राहिलं की मेंदू त्या ग्राहींची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, रात्रभरात जवळजवळ संपतं आणि सकाळी ही सगळी वाढलेली मंडळी तोंड उघडून बसलेली असतात. म्हणून पहिलीची चव वेगळी. 'तिने ताण हलका होतो' म्हणतात तो ताणही पुष्कळसा आधीच्या सिगारेटनेच तयार केलेला असतो. त्यात अनुवंशाचा भाग. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की दोन माणसं सारखीच ओढत असली तरी त्यांना ती सारखी जखडत नाही. मुलीला हे माहीत नाही. तिच्या वयात ते माहीत असावं अशी अपेक्षाही नाही.

तिच्या वाक्याला एक इतिहास मात्र आहे. 'ओढणारा आपल्या मर्जीने ओढतो' हा युक्तिवाद सगळ्यांत जोरात आणि सगळ्यांत जास्त पैसे खर्चून कोणी मांडला असेल? सिगारेट कंपन्यांनी, अमेरिकेतल्या कोर्टांत. आजारी पडलेल्या माणसाने दावा लावला की त्यांचे वकील सांगायचे, धोका सगळ्यांना ठाऊक होता, यांनी स्वतःच्या इच्छेने ओढली. इच्छास्वातंत्र्याला इतके महागडे वकील आधी कधी मिळाले नसतील. आणि ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकी सिगारेट कंपनीचे मुख्य वकील ॲडिसन येमन यांनी 1963 साली कंपनीच्या अंतर्गत टिपणात काय लिहिलं होतं? निकोटिन व्यसन लावतं, म्हणजेच आपला धंदा व्यसन लावणारं द्रव्य विकण्याचा आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, 1964 च्या अहवालाने धूम्रपानाला सवय म्हटलं होतं. त्याला व्यसन म्हणायला 1988 उजाडावं लागलं. त्यानंतरही 14 एप्रिल 1994 रोजी सात मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. त्या सातांची रांग हात वर करून उभी असल्याचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात सिगारेट होती. मी ती विझवली नाही, हेही सांगते.

तर हे सगळं तुमच्या बाजूचं. पण एवढ्यात जिंकलात असं समजू नका, कारण मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट याच्या उलट दिशेची आहे.

इस्रायलमधले संशोधक रूवेन दार यांनी सिगारेट ओढणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. विमानात ओढायला बंदी, म्हणजे सगळ्यांचा उपास सक्तीचा. काही उड्डाणं तीन ते साडेपाच तासांची, काही आठ ते तेरा तासांची. दर थोड्या वेळाने त्यांना तलफ किती आहे ते विचारलं. तलफ निव्वळ निकोटिन कमी झाल्याने येत असती तर लांबच्या उड्डाणात ती तासागणिक वाढत कुठल्या कुठे जायला हवी होती. झालं असं की छोट्या उड्डाणाच्या शेवटी तलफ जवळजवळ तितकीच होती जितकी लांबच्या उड्डाणाच्या शेवटी. आणि छोटं उड्डाण उतरत होतं त्या घडीला, तेवढाच वेळ उपाशी असलेल्या लांबच्या उड्डाणातल्यांची तलफ कितीतरी कमी होती. रक्तातलं निकोटिन दोघांचं सारखंच घसरलेलं. फरक एवढाच की एकाला दार उघडण्याची चाहूल लागली होती आणि दुसऱ्याला ठाऊक होतं की अजून सहा तास दार उघडणार नाही.

त्याच संशोधकांनी त्याआधी सनातनी ज्यू लोकांकडे पाहिलं होतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, ते आग पेटवत नाहीत. साहजिकच सिगारेटही नाही. कामाच्या दिवशी तेवढा वेळ न ओढता राहायला सांगितलं तर त्याच माणसांची चिडचिड होते, तलफ उसळते. शब्बाथला मात्र ती बरीच शांत असते.

मला हे पहिल्यांदा वाचल्यावर आधी संताप आला. म्हणजे इतकी वर्षं मला जे वाटत होतं ते खोटं होतं की काय? नाही, तलफ खरीच असते. पण ती निव्वळ टाकी रिकामी झाल्याचा दिवा नाही. 'मिळू शकते का?' हा प्रश्न कुणीतरी आत बसून सतत विचारत असतं, आणि उत्तर 'हो, कदाचित' असं आलं की ती उठते. उत्तर पक्कं 'नाही' असेल तर बऱ्याचदा निजून राहते.

आता तुमचे 19 दिवस पाहा. निकोटिन तुटल्याचा त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. म्हणजे विसाव्या दिवशी तुमचं शरीर जवळजवळ पलीकडच्या तीराला लागलेलं होतं. तुम्ही घसरलात ते दुःखात नाही, आनंदात. त्या दिवशी निकोटिन काही अचानक कमी झालं नव्हतं; मित्र होते, बातमी होती आणि आत विचारणाऱ्याला 'आज हो' असं उत्तर मिळालं. इथपर्यंत मी तुम्हाला काहीच म्हणणार नाही. माझा आक्षेप पहिल्या सिगारेटला नाही, त्या रात्रीच्या पाकिटाला आहे. 'एक ओढलीच आहे, आता काय राहिलं?' या विचाराचा अभ्यास ॲलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर केला. एक चूक झाली की माणूस ती चूक म्हणून पाहत नाही, स्वतःच्या स्वभावाचा पुरावा म्हणून पाहतो, आणि मग त्या पुराव्याला शोभेल असं वागतो. तेव्हा 'इच्छास्वातंत्र्य नाहीच' हे तत्त्वज्ञान तुम्हाला वाचनातून मिळालं की त्या रात्री मिळालं, हे एकदा तपासा. बऱ्याच जणांना ते पाकिटाच्या तळाशी सापडतं.

माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. सोडण्याच्या तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी रोजच्या सिगारेटी डायरीत टिंब देऊन मोजायचे. अर्धी ओढून विझवली तर टिंब नाही, असा नियम केला होता. मग तीनचतुर्थांश ओढून विझवू लागले. दुसऱ्याची मागून ओढली तर तीही धरायची नाही. दोन महिन्यांत डायरीत दिवसाला चार टिंबं होती आणि पाकिटं आधीच्याच वेगाने संपत होती. त्या डायरीला कुलूप होतं. ती वाचणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. मी नेमकं कुणाशी खोटं बोलत होते? खोटं तेव्हाच बोलावं लागतं जेव्हा समोर कुणीतरी असतं ज्याला खरं कळलं तर वाईट वाटेल. म्हणजे माझ्यात दोघी होत्या. एक ओढणारी आणि एक डायरी तपासणारी. आणि ओढणारीला दुसरीची भीती वाटत होती.

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1971 मध्ये यावर लिहिलं. माणसाला इच्छा असतात, तशा इच्छांबद्दलच्याही इच्छा असतात, असं त्याचं म्हणणं. व्यसनी माणसांत एक असतो ज्याला आपली तलफ मान्य आहे, ती नसती तर चुकल्यासारखं वाटेल असा. दुसऱ्याला तलफ आहे पण ती नको आहे. ती जिंकते तेव्हा तो हरतो. आणि तिसरा, ज्याला यातलं काहीच नाही, जिकडे वारा तिकडे तो. बाहेरून तिघांच्या बोटांत सारखीच सिगारेट दिसते. तुमची मुलगी बाहेर उभी आहे, तिला ते सारखंच दिसणार. पण तुम्ही तिच्यावर चिडलात, गप्प बसलात, मग वाचलंत, मग मला एवढं लांब पत्र लिहिलंत. पहिल्या प्रकारचा माणूस पत्र लिहीत नाही.

उलट टोकाची एक केस आहे. 2007 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नासिर नक्वी आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास मांडला. इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या 19 जणांपैकी 12 जणांची सिगारेट झटक्यात सुटली होती, पुन्हा तलफही नाही. त्यातला एक माणूस दिवसाला चाळीसहून जास्त ओढायचा. पक्षाघाताचा झटका आला आणि तो थांबला. का, विचारल्यावर म्हणाला की माझं शरीर तलफच विसरलं. त्याचा मला हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याने सिगारेट सोडली असं कुणी म्हणणार नाही. त्याची सुटली. तुम्हाला जर इच्छास्वातंत्र्य म्हणजे तलफच न येणं असं वाटत असेल तर ते त्याला मिळालं, आणि त्यात त्याची इच्छा कुठेच नव्हती.

मग तुमची कुठे आहे? माझं मत सांगते. तुम्ही ती चुकीच्या वेळी शोधताय. संध्याकाळी सात वाजता, थकलेले असताना, पाकीट खिशात आणि लायटर दुसऱ्या खिशात असताना तुम्ही स्वतःला विचारता, 'मी मुक्त आहे का?' त्या घडीला तुम्ही फारसे नसताच. पण सकाळी पावणेअकराला, नुकतीच एक ओढून झालेली असताना, तलफ पोट भरून झोपलेली असताना तुम्ही बऱ्यापैकी मुक्त असता. आणि ती वेळ तुम्ही इच्छास्वातंत्र्यावर वाचण्यात घालवता! सोडण्याची कामं त्या वेळी उरकायची असतात. सातच्या माणसाचं दार अकराच्या माणसाने बंद करायचं.

फिलिपीन्समध्ये हे करून पाहिलेलं आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना एका बँकेने खातं देऊ केलं. सहा महिने त्यात आपलेच पैसे भरत राहायचे. शेवटी लघवीची तपासणी, निकोटिनचा अंश सापडला तर सगळे पैसे धर्मादाय संस्थेला. दहातल्या साधारण एकानेच ते खातं उघडलं. तरीही ज्यांना ते देऊ केलं होतं त्या सगळ्या गटात, न देऊ केलेल्या गटापेक्षा, तपासणीत पास होणारे शंभरामागे तीन जास्त निघाले आणि सहा महिन्यांनी अचानक केलेल्या तपासणीतही तो फरक टिकून होता. आकडा छोटा आहे. पण नुसत्या निश्चयाच्या जोरावर सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाचच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात, हे लक्षात घेतलं तर तो तितकासा छोटा राहत नाही.

शंभरातले तीन ते पाच. तुम्ही सहा वेळा याच रांगेत उभे राहिलात आणि रिकाम्या हाताने परतल्यावर स्वतःच्या इच्छाशक्तीला शिव्या दिल्यात. पत्रात तुम्ही तत्त्वज्ञानाबद्दल दीड पान लिहिलंय आणि औषधाबद्दल एक ओळ नाही. ते घ्यायचं राहून गेलं, की घेतलं तर सोडणं 'आपलं' राहणार नाही असं वाटलं? मला दुसरं वाटलं होतं. मी पाच वेळा निव्वळ हट्टाने सोडली आणि सहाव्यांदा निमूटपणे डॉक्टरकडे गेले. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगगम घेतलं तर यश मिळण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, आणि पट्टीच्या जोडीला च्युइंगगम घेतलं तर एकट्या पट्टीपेक्षा जास्त. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी त्याच ग्राहींना अर्धवट चालू ठेवते आणि सिगारेटमधल्या निकोटिनला जागा मिळू देत नाही. तिने शक्यता दुपटीच्या आसपास जाते. कुठलं तुम्हाला योग्य ते डॉक्टरांनी तुमची तब्येत पाहून ठरवायचं, माझं सदर वाचून नाही. मेंदूला शिकवलेले आठ लाख धडे रसायनाने शिकवलेत. ते पुसायला रसायनाची मदत घेण्यात कमीपणा कसला? चष्मा लावणाऱ्याने पाहिलेलं त्यानेच पाहिलेलं असतं.

एक तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली, आणि त्या दिवशी एकदम थांबा. 'रोज एक कमी' हा मार्ग सुसंस्कृत वाटतो, पण इंग्लंडमध्ये सुमारे सातशे जणांवर केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकदम थांबलेल्यांपैकी 22 टक्के सहा महिन्यांनी टिकून होते आणि हळूहळू कमी करत थांबलेल्यांपैकी साडेपंधरा. कारण काय असेल ते विमानवाल्यांकडे पाहून तुमच्या लक्षात येईल. रोज एक कमी करताना दार कायम किलकिलं असतं. तारखेच्या आदल्या दिवशी, अकराच्या वेळेला, घरातली-गाडीतली-ऑफिसातली पाकिटं, लायटर, राखदाणी काढून टाका. 'एखादी अडीनडीला' ठेवू नका. ती अडीनडी बरोबर पत्ता शोधत येते. ज्या मित्रांबरोबर बढती साजरी केलीत त्यांना आधीच सांगा की मी मागितली तर द्यायची नाही, हसण्यावारी न्यायचं नाही. तलफ आली की घड्याळ लावा. एकेक लाट काही मिनिटांची असते, पाण्याचा घोट घेत, चालत, कुणाशी बोलत ती जाते. आणि सातव्या खेपेला एखादी ओढलीत तर ती एकच आहे, असं मोठ्याने म्हणा. पाकीट पुरं करायचं बंधन निसर्गाने घातलेलं नाही.

वय झालं, आता काय फरक पडणार, असंही तुम्ही एका ओळीत लिहिलं होतं, ती मी वर कापली. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा करणाऱ्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. साठीत थांबणाऱ्याला सरासरी तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. तुम्ही 43 चे आहात.

राहिली मुलगी. ती बरोबर की तुम्ही, याचा निकाल मी देणार नाही, कारण ती निकाल मागत नव्हती. ती घाबरलेली आहे. चौदाव्या वर्षी भीती अशीच बाहेर पडते, आरोपाचे कपडे घालून. तिला लिबेट सांगू नका, डोपामिन सांगू नका, विमानवाल्यांची गोष्ट सांगितलीत तर चालेल, तिला आवडेल. तिला सांगा, 'मला सोडायची आहे आणि मला ओढायचीही आहे, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.' तिला हे समजणार नाही अशी भीती बाळगू नका. अभ्यास करायचा आहे आणि करवत नाही, हे तिला रोज रात्री कळतं. शपथ घालून घेऊ नका. तिच्या गळ्याची तर नाहीच. आणि तिला पहारेकरी करू नका. मुलांना बापाचे खिसे तपासायला लावणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे मुलं वास ओळखायला शिकतात आणि बाप लपवायला. तारीख तिला सांगा, बाकीचं काम तुमचं, डॉक्टरांचं आणि त्या मित्रांचं.

आणि एक विचारायचं राहिलं. पत्र लिहिताना दोन झाल्या म्हणालात. पहिली कुठल्या वाक्यानंतर पेटवलीत आणि दुसरी कुठल्या, हे आठवतंय का? एक मुलीच्या वाक्यानंतर असणार, असा माझा अंदाज आहे. दुसरीचा लागत नाहीये. आठवली तर कळवा.

— तुमची ताई